सेवाग्रामची मातीची शाळा आणि आपल्या मुलांचा प्रश्न

दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास लाखो समाजबांधव नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. मुंबई-भुसावळकडून येणारी गाडी असो की बल्लारशा-चंद्रपूरकडून येणारी असो, नागपूर यायच्या आधी सेवाग्राम स्टेशन लागते. खिडकीतून पाटी दिसते, कोणी चहा घेतो, गाडी सुटते. उतरत कोणीच नाही. "ते गांधींचे गाव, आपला काय संबंध?" असे आपण म्हणतो. असे म्हणायला कारण आहे. १९३२ चा पुणे करार आपला समाज विसरलेला नाही आणि विसरणारही नाही.

तरीही आम्ही वाचक बंधु-भगिनींना सुचवतो की एकदा तरी मुलाबाळांसह सेवाग्रामला उतरावे. पूजेसाठी नव्हे, पाहण्यासाठी. तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून घ्या. मानण्याला जो नियम, तोच नाकारण्यालाही. आश्रमाला लागूनच 'नई तालीम'चे आवार आहे. देशभर गाजलेली बुनियादी शिक्षणाची शाळा तिथे उभी राहिली. आज आम्हांला लिहायचे आहे ते या शाळेच्या मातीच्या भिंतींविषयी, कारण शाळेच्या भिंती पाहिल्या की ती शाळा कोणासाठी आणि कशासाठी बांधली हे कळते.

शेगावचे सेवाग्राम कसे झाले?

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर शेगाव नावाचे लहानसे खेडे होते. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी या खेड्यात राहायला गेले. गावात अस्पृश्य मानलेल्यांची मोठी वस्ती होती. पुढे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल, पण गांधीजी शेगावी राहायला गेले त्याच सुमारास, १९३६ च्या मे महिन्याच्या आरंभी, परमपूज्य बाबासाहेब सेठ वालचंद हिराचंद यांच्यासोबत तिथे जाऊन त्यांना भेटले होते. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन सातच महिने झाले होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे तयार भाषण नाकारले तेही त्याच वर्षी. भेट झाली, पण मार्ग वेगळे होते ते वेगळेच राहिले. म्हणजे ज्या गावाकडे आपण खिडकीतूनच पाहतो, त्या गावात बाबासाहेब स्वतः जाऊन, समोरासमोर बोलून आले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

दगडी शाळा आणि मातीची शाळा

त्या काळी मोठी शाळा म्हटली की डोळ्यांपुढे दगडी इमारत उभी राही. आपल्या मराठी मुलखात अशा शाळा उभारण्यात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे. महात्मा जोतीराव फुले १८४१ मध्ये पुण्याच्या ज्या शाळेत दाखल झाले ती स्कॉटिश मिशनचीच. जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ मध्ये शाळा काढली आणि त्यातून विल्सन कॉलेज झाले. गिरगाव चौपाटीसमोरची त्याची टोकदार कमानींची, चर्चच्या धाटणीची इमारत १८८९ ची आहे. आपल्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये शाळा सुरू केली. पुढे त्यांच्याच नावाने हिस्लॉप कॉलेज निघाले. धर्मप्रचार हा त्यांचा हेतू होता हे खरे. पण त्याच शाळेच्या बाकावरून उठलेल्या जोतीरावांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हेही तितकेच खरे.

दगडी इमारत पाहणाऱ्याला एक गोष्ट सांगते : "मी इथे टिकणार आहे. माझ्यामागे सत्ता आहे, पैसा आहे." खेड्यातला गरीब माणूस अशा इमारतीच्या पायरीवर दबकत चढतो. पण एकदा त्याचे पोर आत गेले की त्याच पायरीचा त्याला अभिमान वाटू लागतो.

सेवाग्रामला याच्या उलट केले. दगड नाही, कमान नाही, मनोरा नाही. आसपासच्या मुलखात मिळेल तेच वापरायचे आणि गावच्या कारागिरांकडून बांधून घ्यायचे असा नियम होता. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू. १९३६ मध्ये बांधलेले 'आदि निवास' हे आश्रमाचे पहिले घर. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेन यांची झोपडी. भिंतीवर मातीतच उठवलेली चरख्याची आणि झाडांची चित्रे त्यांच्याच हातची. शाळेच्या आवारातली जुनी घरेही याच जातीची, बुटकी, उतरत्या छपरांची, पडवी असलेली.

ही घरे उन्हाळ्यात कशी तगतात?

वर्ध्याचा उन्हाळा आम्ही वाचकांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा ठिकाणी मातीची जाड भिंत कामाला येते. सकाळपासूनचे ऊन भिंतीत हळूहळू मुरते. ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत दुपार टळून जाते. कवेलूंच्या फटींतून वर साठलेली गरम हवा निघून जाते. छपराची वळचण खाली ओढलेली असते, त्यामुळे ऊन आणि पावसाचे सपकारे भिंतीला थेट लागत नाहीत. घर जोत्यावर उचललेले असते म्हणून ओल लवकर चढत नाही. मुले जमिनीवर बसणार म्हणून उजेड-वारा खालूनच हवा. उंच तावदानाची खिडकी तिथे उपयोगाची नाही.

भिंतीला कुठलीही माती चालत नाही. शेतातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिची भिंत उभी राहायची नाही. म्हणून विदर्भात घराला पांढरी माती आणि पिकाला काळी माती, ही जुनी रीत. हे शास्त्र कुठल्या कॉलेजातून आलेले नाही. गावोगावच्या गवंड्यांना, सुतारांना, कुंभारांना आणि मजुरांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांतले किती तरी आपल्याच वस्त्यांतले होते.

एक गोष्ट मात्र पाहुण्याच्या नजरेतून सुटते. मातीचे घर स्वस्त असते, पण फुकट नसते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, भिंतीचे पोपडे बुजवावे लागतात, जमीन सतत सारवावी लागते. वाळवी लागली तर लाकूड बदलावे लागते. आपल्या वस्तीत हे काम कोण करत आले? आपल्या आया-बहिणी. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करायचे आणि घरी येऊन शेणमातीत हात घालायचे. त्या श्रमाची मजुरी कोणी दिली नाही आणि कोणत्याही वहीत तो खर्च लिहिला गेला नाही.

१९७८ मध्ये इव्हान इलिच नावाचे जगप्रसिद्ध विचारवंत सेवाग्रामला आले आणि बापूंच्या झोपडीचे त्यांनी मोठे कौतुक केले. झोपडी कौतुकास्पद आहे यात शंका नाही. परंतु ज्याला बंगल्यात राहणे शक्य आहे त्याने झोपडी निवडणे ही एक गोष्ट आणि ज्याला झोपडीशिवाय काही मिळूच दिले नाही त्याने तिच्यात राहणे ही दुसरी गोष्ट. माती एकच, पण एकाची माती स्वेच्छेची आहे आणि दुसऱ्याची सक्तीची. सेवाग्रामच्या शाळेविषयी आम्हांला जे म्हणायचे आहे ते सारे या एका फरकात आहे.

शाळेचा दिवस आणि आमचा हिशेब

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच झाकीर हुसेन पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. ७ ते १४ वर्षांच्या सर्व मुलामुलींना मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि सारा अभ्यास एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेला, अशी ही योजना होती. सूतकताई-विणकाम, शेती, सुतारकाम यांसारखा एक मूलोद्योग निवडायचा आणि गणित, विज्ञान, भूगोल त्याच्या आधारे शिकवायचे. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना उचलून धरली. हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे सेवाग्रामला आले. सिलोनचे आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी हे काम अंगावर घेतले. चित्रकार देवीप्रसाद हे १९४४ पासून १९६२ पर्यंत तिथे होते आणि मुलांना कला शिकवत. या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांला शंका घ्यायची नाही.

पण आम्ही पडलो कारकुनी करणारे. आकड्यांची बेरीज केल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. झाकीर हुसेन समितीने शाळेच्या दिवसाची वाटणी दिली होती. एकूण वेळ साडेपाच तास. त्यांपैकी मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटे. व्यायाम १० मिनिटे आणि सुट्टी १० मिनिटे. म्हणजे ३३० मिनिटांपैकी २०० मिनिटे उद्योगाची. शेकडा ६० हून थोडी अधिक. इंग्रजी एक मिनिटही नाही, कारण सात वर्षांच्या या अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हतेच.

शिवाय मुलांनी तयार केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, शाळा स्वावलंबी व्हावी, अशीही कल्पना होती. त्या परिषदेतच मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शाह यांनी तिला विरोध केला. खुद्द समितीनेही आपल्या अहवालात इशारा दिला की उत्पन्नाकडे फार लक्ष गेले तर शिक्षण मागे पडेल.

ज्यांच्या घरात दोन-चार पिढ्या पुस्तके आहेत, कोर्टकचेरी आहे, त्यांच्या मुलाने दिवसाचे तीन तास टकळी चालवली तर ते त्याला चांगलेच आहे. त्याच्या हाताला काम कळेल. पण ज्याच्या आज्याने जन्मभर हातानेच काम केले, आणि फक्त हातानेच करायचे असे ज्याला बजावण्यात आले, त्याच्या नातवाला शाळेतही हातच चालवायला सांगायचे? त्याला मिळाले नव्हते ते पुस्तक. त्याला हवे होते ते इंग्रजी, गणित, कायदा. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादावर लिहिताना हेच मांडले होते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसत असेल तरच बुद्धीची मशागत होते, आणि जो विचार गरिबाला पुन्हा अखंड श्रमाकडे नेतो तो गरिबाच्या हिताचा नाही, असा त्या म्हणण्याचा आशय होता.

ही भीती काल्पनिक नव्हती. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी एक योजना आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत यावे आणि अर्धा दिवस घरी आईबापांचा धंदा शिकावा. म्हणजे न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि चांभाराच्या मुलाने आरी. पेरियार रामस्वामींनी रान उठवले. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना रद्द करावी लागली. सेवाग्रामची योजना आणि मद्रासची योजना एक नव्हती, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. सेवाग्रामला जातीप्रमाणे धंदा शिकवत नव्हते. सर्वांनी सर्व कामे करायची असत. पण श्रमाचा गौरव करता करता जातीचा धंदा गळ्यात अडकवणारे कसे पुढे येतात, ते मद्रासने दाखवून दिले.

मग त्या शाळेत घेण्यासारखे काहीच नाही का?

आहे. आणि ते न सांगणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही.

पहिली गोष्ट बसण्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज महाराष्ट्र सरकार तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. पण त्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मनाई होती. सातारा काय किंवा अन्य ठिकाणे काय, पक्क्या भिंतींच्या शाळांमध्ये हे चालत होते. सेवाग्रामच्या मातीच्या शाळेत सर्व मुले एकाच चटईवर बसली, एकाच पंक्तीत जेवली. इमारत पक्की की कच्ची यावरून आतला माणूस ओळखता येत नाही, ही शिकवण लहान नाही.

दुसरी गोष्ट झाडूची. शाळेची आणि संडासाची सफाई हा तिथे शिक्षणाचा भाग होता आणि ती सर्वांनी करायची असे. ब्राह्मणाच्या मुलानेही. आपला आक्षेप सफाईला नाही. ती एकाच जातीच्या माथी मारली जाते, याला आहे. आजही काही शाळांत ठरावीक वस्तीतल्या मुलांनाच झाडू दिला जातो, अशा तक्रारी कानावर येतात. तिथे "सेवाग्रामला काय होते?" असा प्रश्न आपण गुरुजींना विचारू शकतो.

तिसरी गोष्ट आपल्या धम्माशी निगडित आहे. पाली भाषेचे थोर पंडित आणि मराठी घरांत भगवान बुद्धाचे चरित्र पोचवणारे धर्मानंद कोसंबी यांनी आपले अखेरचे दिवस सेवाग्रामला घालवले. अन्न सोडून, शांत चित्ताने, ४ जून १९४७ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत श्रमिकांसाठी बहुजन विहार उभारण्यासाठी झटलेला हा माणूस. सेवाग्रामला जाणाऱ्या आपल्या मुलांना निदान एवढे तरी सांगितले पाहिजे.

बाबासाहेबांनी उभारलेल्या शाळा

याच काळात बाबासाहेब काय उभारत होते? ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. आरंभी ते लष्कराच्या जुन्या बराकींत भरत असे. पुढे फोर्टमध्ये, मुंबईच्या ऐन मध्यभागी, मोठ्या पेढ्यांच्या आणि बँकांच्या शेजारी आनंद भवन व बुद्ध भवन या इमारती संस्थेकडे आल्या. गिरणीत काम करून शिकणाऱ्या मुलाने त्या रस्त्याने ताठ मानेने चालत वर्गात जावे, ही केवढी मोठी गोष्ट होती!

मराठवाड्यात तर कॉलेजची सोय फारच तोकडी होती. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आवाराचे नाव नागसेनवन आणि कॉलेजचे नाव मिलिंद. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू न घाबरता उत्तर देतो, अशी ती जोडी. इमारतीच्या कामात ते स्वतः लक्ष घालत आणि आवारात झाडे लावण्याविषयी त्यांचा आग्रह असे. साधेपणाचे त्यांना वावडे नव्हते. वसतिगृहातली मुले साधीच राहत. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर मातीत ठेवले, त्यांच्या मुलांसाठी पक्की आणि प्रशस्त इमारत हवी, भरपूर पुस्तके हवीत, प्रयोगशाळा हवी, याबाबत त्यांनी तडजोड केली नाही. विदर्भात आपल्या समाजाने हीच वाट धरली. दीक्षाभूमीच्या आवारातले डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले.

एका बाजूला, मोठे शहर टाळून खेड्यात मातीची शाळा बांधणारे गांधीजी. दुसऱ्या बाजूला, खेड्यातून सुटलेल्या मुलासाठी शहरात कॉलेज उभारणारे बाबासाहेब. आपल्या समाजाने कोणती वाट धरली आणि त्या वाटेने तो कुठवर आला, हे आज प्रत्येक घरातल्या पदवीच्या फोटोवरून दिसते.

पुढे त्या शाळेचे काय झाले?

स्वातंत्र्यानंतर सरकारने बुनियादी शिक्षणाचे गोडवे गाईले. आपल्याकडे कित्येक गावांत 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशा पाट्या लागल्या. साठीच्या पुढच्या वाचकांना टकळीचा तास आठवत असेल. पण अधिकाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची मुले इंग्रजी शाळांतच गेली. हातउद्योगाची शाळा फक्त खेड्यातल्या गरिबासाठी उरली आणि म्हणूनच गरिबानेही तिच्याकडे पाठ फिरवली. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. पुढे सेवाग्रामची शाळाही बंद पडली आणि बरीच वर्षे ती घरे मुलांविना राहिली. २००५ मध्ये त्याच आवारात 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा शाळा सुरू झाली.

शिक्षण जेव्हा दोन प्रकारचे होते, एक साहेबाच्या मुलासाठी आणि एक मजुराच्या मुलासाठी, तेव्हा त्यातला मजुराचा प्रकार कितीही सुंदर असला तरी टिकत नाही, आणि टिकला तरी भले करत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून मुलांना व्यवसायाची ओळख करून द्यायचे ठरवले आहे. चांगली गोष्ट. पण ती महागड्या इंग्रजी शाळेतल्या मुलालाही तितकीच सक्तीची आहे की फक्त जिल्हा परिषदेच्या मुलाच्याच वाट्याला येते, यावर आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

आता आपल्या गावची शाळा पाहा

सेवाग्राम पाहून घरी आल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे अशी आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या भिंती पाहाव्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेची इमारत कशी असावी हे लिहूनच ठेवले आहे. बारा महिने टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे निदान एक खोली, मुलांना आणि मुलींना वेगळे स्वच्छतागृह, पिण्याचे शुद्ध पाणी, माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, क्रीडांगण, आवाराला कुंपण आणि अपंग मुलांना आत येता येईल अशी सोय. यांपैकी काय आहे आणि काय नाही, ते कागदावर लिहून काढावे.

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. दुर्बल घटकांतल्या पालकांनाही त्यात प्रतिनिधित्व आहे. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. पुष्कळ ठिकाणी या समित्या फक्त सह्यांपुरत्या उरल्या आहेत. आपल्या भगिनींनी त्यात नाव घालून घ्यावे आणि सभेला जावे. ज्या हातांनी आजवर घरे सारवली, त्या हातांनी आता आराखड्यावर सही करावी, पण वाचून.

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने मांडला. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. शाळा लांब गेली तर सर्वांत आधी कोणाची मुलगी घरी बसेल? ज्याच्याकडे वाहन नाही त्याची. १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणण्याची मागणी केली होती. आवाक्यात म्हणजे फीच्याही आणि पायांच्याही.

शाळा मातीची असो की सिमेंटची, तिच्यात शिरणाऱ्या शेवटच्या मुलाला पहिल्या मुलाइतकेच मिळते की नाही, या एकाच मापाने तिला मोजा. सेवाग्रामलाही तेच माप लावा, आपल्या गावच्या शाळेलाही, आणि आपल्या समाजाच्या संस्थांनाही. या मापात आपल्यापरक्याचा भेद करू नये, असे आम्हांला वाटते.

जयभीम!